न दुखणाऱ्या पायाचा धडा

कुष्ठरोगाच्या वॉर्डात नव्या नर्सला सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवतात. रुग्णाला "दुखतंय का?" एवढंच विचारून पुढे जायचं नाही. बाकी सगळ्या वॉर्डांत तपासणीची सुरुवात याच प्रश्नाने होते. इथे मात्र त्याचं उत्तर फसवं असतं. तळपायात बाभळीचा काटा मोडून राहिलेला असतो, चपलेचा खिळा वर येऊन मांसात घुसलेला असतो, आणि माणूस तसाच एसटी स्टँडपासून चालत येऊन बाकावर निवांत बसलेला असतो. माझी सारी नोकरी विदर्भातल्या एका मिशनच्या रुग्णालयात गेली. तिथल्या रुग्णांचं एक वाक्य मला पाठ झालं आहे : "सिस्टर, दुखतच नाही, त दाखवू काहून?"

तो खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच काही वाटत नसतं. पण वाटत नाही म्हणून जखम नाही, असं होत नाही. म्हणून वॉर्डाचा एक नियम असतो आणि घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या गळी तो उतरवायचा असतो. रोज संध्याकाळी पाय उजेडात घ्यायचा आणि डोळ्यांनी बघायचा. टाच, अंगठ्याचं बूड, बोटांच्या बेचक्या. तळवा नीट दिसत नसेल तर आरसा धरायचा, नाहीतर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगायचं. कुठे लाली आहे का, फोड आहे का, एखादी जागा गरम लागते का. पाय काय सांगतो यावर विसंबायचं नाही.

प्रार्थना, वचनं, उपासना हे सगळं मला घरात आणि संडे स्कूलमध्ये मिळालं. पण देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे रोजच्या दिवसात नेमकं काय करायचं, हे मला या तळपायांनी शिकवलं. आपल्या आतून जे उठतं ते नेहमी खरं असतंच असं नाही. चार लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले तेही खरं असतंच असं नाही. कधी कधी या दोन्हींच्या बाहेरून आलेल्या शब्दावर पाऊल टाकावं लागतं, आणि ते टाकताना आत काहीच वाटत नसतं.

आधी आजाराचं सांगते, कारण या आजाराबद्दल लोकांनी ऐकलेलं पुष्कळ असतं आणि त्यातलं खरं थोडं असतं. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतल्या हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. हा जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. त्यामुळे लागण झाल्यापासून खूण दिसेपर्यंत साधारण पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. ज्यांच्यात ती नसते त्यांच्या कातडीत आणि नसांत तो ठाण मांडतो. कोपराच्या आतल्या बाजूची नस जाड होते आणि चाचपली की बोटाखाली घरंगळते. हळूहळू करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकतं, पकड जाते, स्पर्श जातो, ऊन-गार कळेनासं होतं.

बोटं झडतात ती मात्र जंतू खातो म्हणून नव्हे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस वाकड्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि रुग्णांच्या जखमांचा बारकाईने माग काढला. चुलीवरचं भांडं उघड्या हातांनी उचललेलं, कुलपाची किल्ली बोट फाटेपर्यंत जोर लावून फिरवलेली. रात्री उंदीर बोटं कुरतडायचे आणि माणसाला जाग यायची नाही, म्हणून रुग्णांना मांजरं पाळायला दिली गेली. वेदना ही देवाची देणगी आहे, असं डॉ. ब्रँड पुढे आयुष्यभर सांगत राहिले. आमच्या वॉर्डातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागलं नाही. ज्यांची ती देणगी हरवली होती तेच समोर बसलेले असायचे.

मी रुजू झाले तेव्हा आमच्या भागात एमडीटी, म्हणजे तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार, नुकताच पोचला होता. त्याआधी एकट्या डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन अशी जोड सुचवली आणि सहा महिने ते दोन वर्षांत माणूस मोकळा होऊ लागला. पण आमच्या वॉर्डात त्याही आधीचे लोक होते. जंतू कधीच मेलेला, आणि पायाची जखम मात्र भरायची, उघडायची, पुन्हा भरायची.

अशा पायाचं ड्रेसिंग म्हणजे काय ते सांगते. आधी पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजत ठेवायचा. मग जखमेच्या कडेची पांढरी पडलेली जाड कातडी ब्लेडने पातळ तासत आणायची. ती तासली नाही तर जखम खालच्या खाली वाढत जाते. मग प्रोब आत घालून खोली बघायची. टोक हाडाला लागलं की ती खरखर बोटांना कळते, आणि मग डॉक्टरांना बोलवायचं. पावसाळ्यात कधी कधी अळ्या असायच्या. टर्पेंटाइन टाकलं की त्या वर यायच्या आणि चिमट्याने एकेक काढायची. त्या जखमेला एक वास असतो. तो कपड्यांत, केसांत बसतो, घरी आलं की जेवणाच्या ताटावर येतो. अंग मागे सरतं. हे माणसाचं उपजत आहे, शिकलेल्याचंही आणि न शिकलेल्याचंही.

बाबा आमट्यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. वरोऱ्यात पावसात भिजत पडलेल्या तुळशीरामला पाहून ते घाबरून निघून गेले होते. कशालाही न भिणारा म्हणून ओळखला जाणारा माणूस त्या देहापुढे मागे सरला. मग त्या भीतीनेच त्यांना झोपू दिलं नाही, आणि ते परत गेले. पुढे १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि आनंदवन उभं राहिलं. बाबांनी आपलं काम माझ्यासारखं देवाच्या नावाने सांगितलं नाही, आणि त्यांच्या वतीने मीही ते सांगणार नाही. पण एवढं त्यांच्या गोष्टीतून स्पष्ट दिसतं की ते परत गेले ते मन राजी झालं म्हणून नव्हे. मन तर उलट दिशेला पळत होतं.

आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी सकाळी उभ्या राहायच्या, हात धुवायच्या आणि मोठ्याने एवढंच म्हणायच्या : "प्रभू, हे हात आता तुझे." मग पहिल्या खाटेपाशी जायच्या. मला प्रेम दे, माझी किळस घालव, असं त्यांनी मागितलेलं मी कधी ऐकलं नाही. मी एकदा त्यांना विचारलं, की सिस्टर, तुम्हाला काहीच वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "वाटतं ना. पण वाटण्याला विचारून मी कामाला लागत नाही." त्यांच्या बोलण्यात कुठेही अभिमान नव्हता. ट्रॉली पुढे गेली आणि मी तिच्या मागोमाग.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. तो प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्यातला क्रम मला वॉर्डात कळला. प्रभू आधी हात पुढे करून त्याला शिवतो. बरं होणं नंतर येतं. ज्या काळात त्या माणसाने गावाबाहेर राहावं हाच धर्म आणि हीच रीत होती, त्या काळात प्रभूने आधी रोग जाऊ दे, मग शिवतो, असं म्हटलं नाही. मी ज्या देवावर विश्वास ठेवते तो असा आहे, हे एकदा मनाशी पक्कं झालं की सकाळी सात वाजता माझ्या मनाची अवस्था काय आहे हा प्रश्न मागे पडतो.

किळस ओळखू येते, म्हणून तिच्याशी झगडता तरी येतं. दुसरी एक ओढ याहून अवघड आहे, कारण ती चांगुलपणाच्या रूपात येते. ती म्हणजे कणव. समोरचा माणूस वाकड्या बोटांनी बँडेज गुंडाळत असतो, ते सुटतं, तो पुन्हा गुंडाळतो. आपले हात शिवशिवतात. वाटतं, द्या इकडे, दोन मिनिटांत करून देते. रुग्णही म्हणतो, "बाई, तुमच्या हातानं बरं होते." ऐकायला किती गोड वाटतं! पण उद्या तो गावी जाणार असतो. तिथे पाय भिजवायचा, दगडाने कातडी घासायची, तेल लावायचं आणि पट्टी बांधायची हे त्यालाच करायचं असतं. इन्चार्ज सिस्टर आम्हाला हात मागे बांधून उभं राहायला लावायच्या. त्याला त्याच्या वेळाने करू द्यायचं. चुकलं तर सांगायचं, हिसकावून घ्यायचं नाही. ते उभं राहणं मला नेहमी जड जायचं. पण माझ्या कणवेला स्वतःचं समाधान हवं असतं आणि देवाला त्या माणसाचं भलं हवं असतं, हा फरक तिथेच दिसायचा. आपल्या चांगल्या भावनासुद्धा त्याच्यापुढे तपासणीला ठेवाव्या लागतात.

आता रीतीचं. लोकांना वाटतं की वाळीत टाकणं हे फक्त अडाणी खेड्यांचं काम. पण आपल्या देशात गरीब कुष्ठरुग्णांना पकडून वेगळं ठेवण्याचा १८९८चा कायदा होता, आणि तो अधिकृतपणे रद्द झाला २०१६ साली. जोडीदाराला कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागता येत असे. ते कारण २०१९च्या दुरुस्तीने काढलं गेलं. हिंदू विवाह कायद्यातून काढलं तसंच आम्हा ख्रिस्ती लोकांसाठी असलेल्या १८६९च्या कायद्यातूनही काढलं. म्हणजे ज्या प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला त्याचं नाव घेणाऱ्यांच्या कायद्यातही २००१ साली घातलेलं हे कलम अठरा वर्षं आरामात बसून होतं. रीत कुठल्याही धर्माच्या घरात शिरते आणि देवाच्या जागी बसते. देवघरात बसते तशी चर्चच्या बाकावरही बसते.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. मी या रुग्णालयात जाणार म्हटल्यावर आईने पहिला प्रश्न केला तो लग्नाचा. "सेवा कर गं, पण दुसरीकडे कर. तिथली म्हटल्यावर तुला कोण करून घेईल?" आई रोज पहाटे उठून पवित्र शास्त्र वाचणारी बाई. तिचं वाचन खोटं नव्हतं आणि काळजीही खोटी नव्हती. फक्त त्या दोन्हींची गाठ पडली नव्हती. ती पडली पुढे कधीतरी, नाताळात ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा. रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये उपासना होती. पुढच्या बाकांवर स्टाफ, मागे रुग्ण असं आमच्याकडे कधी नव्हतं, सगळे मिसळून बसायचे. आईच्या शेजारी बसलेल्या आजींची बोटं आखूड झालेली होती. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब पेला घेऊन रांगेतून येऊ लागले. आमच्याकडे सगळ्यांना एकच पेला असे. आजींनी तो दोन्ही मनगटांत धरला, घोट घेतला आणि आईकडे सरकवला. मी आईकडे बघत होते. तिच्या गळ्याची शीर हलली. तिने डोळे मिटले, पेला घेतला आणि प्यायली. बाहेर आल्यावर आजी तिला म्हणाल्या, "सलाम, बाई." आईने सलाम केला आणि त्यांचा हात हातात घेतला. घरी आल्यावर मला म्हणाली, "मला भीती वाटली होती हं. पण तो पेला माझा नव्हता, त्याचा होता." त्यानंतर तिने माझ्या नोकरीबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही.

त्या आजींपासून आईला काहीच धोका नव्हता, हे मला नर्स म्हणून ठाऊक होतं. उपचार झालेल्या माणसापासून हा रोग लागत नाही. पण जे डोक्याला ठाऊक असतं ते हाताला ठाऊक व्हायला कित्येकदा विश्वासच लागतो. मी स्वतः नर्सिंग शिकलेले लोक पाहिले आहेत, सगळी माहिती पाठ आणि चहाचा कप मात्र वेगळा.

देवावर भरवसा म्हणजे औषधाला रामराम, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. आमच्याकडे असेही यायचे, ज्यांनी कुठल्या तरी प्रार्थनासभेत किंवा कुणाच्या अंगाऱ्यावर विसंबून गोळ्या मध्येच सोडलेल्या असत. क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते, रिफॅम्पिसिनने लघवी लाल होते, लोक घाबरतात, आणि कुणी म्हटलं की देवाने बरं केलं, गोळ्या टाक, तर ते मनाला हवंच असतं. तो भरवसा नव्हे. सोपं तेच देवाच्या नावावर खपवणं आहे. त्याच मार्काच्या अध्यायात प्रभू बऱ्या झालेल्या माणसाला सांगतो की जा आणि याजकाला दाखव, तपासून घे. ज्याने बरं केलं त्यानेच तपासणीला पाठवलं. मी गोळ्यांचं पाकीट हातात देताना नेहमी म्हणायचे, ही देवाचीच देणगी आहे, रोज घे. आणि ते मनापासून म्हणायचे.

एकदा आम्ही तपासणीला एका गावात गेलो होतो. अशा वेळी बायकांना खोलीत, खिडकीच्या उजेडात तपासायचं. एका नव्या सुनेच्या दंडावर फिकट चट्टा होता. डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकाने हलकेच टोचलं की कुठे लागलं तिथे बोट ठेवायचं असतं. चट्ट्याबाहेर तिचं बोट अचूक पडत होतं. चट्ट्यावर टोचलं की ती गप्प. चट्टा एकच, नसा ठीक, सहा महिन्यांच्या गोळ्या. मी तिला सांगितलं आणि ती रडू लागली ती आजारासाठी नव्हे. सासूने दारातूनच ऐकलं होतं. "माहेरी धाडतो तिले. देवाचा कोप हाय हा. लेकरं-बाळं हायत घरात." लेकरं-बाळं हायत, हे तिचं म्हणणं एका आईचंच होतं, क्रूर माणसाचं नव्हतं. मी सगळं समजावलं, पहिली मात्रा घेतली की संसर्गाची भीती उरत नाही वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरची असती, त ठेवली असती का?"

या प्रश्नाला माहितीने उत्तर देता येत नाही. मी म्हटलं, "भूक लागली आहे. तिला भाकर टाकायला सांगा, मी इथेच जेवते." सुनेने ज्वारीची भाकर आणि चून केलं, तिच्याच हाताने वाढलं, आणि मी ओसरीवर सगळ्यांसमोर जेवले. सासू एकटक बघत होती. लगेच काही बदललं असं नाही. सुनेची गोधडी वेगळी राहिली, ताटही वेगळं राहिलं. पण तिला माहेरी धाडलं नाही. आणि शेवटचं पाकीट न्यायला रुग्णालयात सून आली तेव्हा सासू सोबत होती, नातवाला कडेवर घेऊन.

सगळ्यांचं असं झालं नाही. देवावर भरवसा ठेवून चाललेल्या किती जणांना घरच्यांनी शेवटपर्यंत परत घेतलं नाही. ते आमच्या आवारातल्या घरांमध्ये म्हातारे झाले. बायको-मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तीच माणसं संध्याकाळी दिवा लावून पाय तपासताना आणि मग गाणं म्हणताना पाहिली आहेत. देवाने त्यांना घर परत दिलं नाही. पण आपण देवाला नकोसे आहोत हे जगाने सांगितलेलं त्यांनी मानलं नाही. कुटुंब, गाव, कायदा आणि स्वतःचं मन हे सगळे एका सुरात टाकाऊ म्हणत असताना एकाच शब्दाला धरून राहणं, हा मी पाहिलेला सर्वांत मोठा विश्वास आहे. बरे होऊन घरी गेलेल्यांपेक्षाही मोठा.

भारतात कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाखाली आलं असं २००५च्या डिसेंबरअखेर जाहीर झालं. लोकांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही आपल्याच देशात सापडतात. औषध मोफत आहे, आशाताई दारापर्यंत येतात, तरी माणूस चट्टा बाहीखाली लपवतो. कारण चट्टा दुखत नाही आणि लोक मात्र दुखावतात. त्याने बाही वर करावी असं वाटत असेल, तर शेजारी कुणीतरी न बिचकता बसलेलं असलं पाहिजे.

तरुण नर्स मला विचारतात की किळस कधी जाते, भीती कधी जाते. मी त्यांना सांगते की काहींची जाते, काहींची नाही, आणि त्यावर फारसं अवलंबून नाही. प्रेम बहुतेक वेळा कामाच्या मागून येतं. आपण आधी खाटेपाशी जायचं असतं. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे मन राजी होण्याची वाट पाहणं नव्हे, आणि लोक संमती देतील याची वाट पाहणं तर नव्हेच. त्याने ज्याच्याजवळ जा म्हटलं आहे त्याच्याजवळ, मनात जे असेल ते घेऊन, जायचं. असा माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो, कुष्ठरोगच असला पाहिजे असं नाही. ज्याच्या घरचं पाणी आपण टाळतो, ज्याच्या दारावरून जाताना पाऊल भरभर पडतं, त्याचं नाव आपल्याला ठाऊक असतं. या आठवड्यात त्याच्याकडे जावं, बसावं आणि चहा मागावा.